घरोघरचा सिनेमा आणि कामगाराचा कान

पिंपरी-चिंचवडचा इतिहास सांगावयाचा म्हटला म्हणजे वक्ते बहुधा कारखान्यांपासून आरंभ करतात. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. भोसरी-आकुर्डीच्या माळांवर शेडी उभ्या राहिल्या. १९८२ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. आणि पुढे हा सारा पसारा चाकणपर्यंत जाऊन पोहोचला. हा इतिहास खरा आहे, आणि आम्हीही तो सभांतून अनेकदा सांगितला आहे. परंतु पाळी संपवून घरी आलेला माणूस काय पाहत होता, काय ऐकत होता, आणि जे ऐकत होता ते त्याला नीट समजत होते की नाही, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. त्या नोंदीचे एक पान लिहावे असा आमचा आजचा हेतू आहे. विषय साधा आहे: चित्रपट घरी आला, तेव्हा त्याचा आवाज कसा आला?

पगार, बोनस आणि कंत्राटी कामगारांचे प्रश्न सोडून युनियनच्या माणसाने सिनेमाच्या आवाजावर का बोलावे, असे कोणी विचारील. त्याला उत्तर म्हणून एक जुना प्रसंग सांगतो. उमेदीची काही वर्षे आम्ही प्रेस शॉपमध्ये काढली. १९९० च्या सुमाराची गोष्ट. गणपतीत वर्गणी काढून एका रात्रीपुरता व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणला होता. दादा कोंडके यांचा ‘पांडू हवालदार’ लावला. चाळीच्या अंगणात दीडदोनशे माणसे बसलेली. आमच्या शेजारी आमच्याच शॉपमधील एक वडीलधारे सहकारी होते; वीस वर्षे पॉवर प्रेसवर काढलेली. दर विनोदाला सगळे अंगण हसे, आणि आमचे हे बाबा एक क्षण मागाहून हसत. मध्येच ते आमच्या कानाशी येऊन विचारीत, “काय म्हणाला रे?” आम्ही म्हणालो, “बाबा, कॅसेट खराब आहे.” दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानातून त्याच चित्रपटाची दुसरी कॅसेट आणली. तिचा आवाजही तसाच घोगरा होता आणि बाबांचा प्रश्नही तोच राहिला. दोष कॅसेटमध्ये होता हे खरे. पण तेवढाच नव्हता, हे कळावयास आम्हांस पुढे पुष्कळ वर्षे लागली. या दोन दोषांचा इतिहास वेगवेगळा आहे, आणि ते एका जागी कसे भेटले ते सांगण्यासाठीच हा सारा प्रपंच.

प्रथम सिनेमाच्या आवाजाकडे वळू. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला तेव्हा चित्रे मुकी होती. १९३१ साली ‘आलम आरा’ बोलू लागला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. पुढच्याच वर्षी प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ आणला आणि पडद्यावर मराठी शब्द उमटला. प्रभात १९३३ साली कोल्हापूर सोडून पुण्यास आली. कंपनीचे एक चालक विष्णुपंत दामले यांनी ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळली होती, आणि त्यांनीच फत्तेलालांसह १९३६ साली ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. विष्णुपंत पागनिसांच्या मुखातील अभंग गावोगाव पोहोचले. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवातही त्या चित्रपटाचा गौरव झाला. सांगावयाचे ते इतकेच की, आमच्या मराठी चित्रपटाच्या उमेदीच्या काळात आवाज ही दुय्यम बाब नव्हती. आवाज जाणणारा माणूस तेथे धन्याच्या खुर्चीवर बसत होता.

हा आवाज फिल्मवर कसा राहत असे? चित्रांच्या चौकटींच्या कडेला एक अरुंद पट्टी असे. तिच्यावर ध्वनीच्या कंपनांप्रमाणे कमीअधिक प्रकाश जाऊ देणारी नक्षी छापलेली असे. दिव्याचा किरण तीतून पलीकडच्या प्रकाशविद्युत घटावर पडे आणि त्या प्रकाशाच्या चढउतारांचा पुन्हा आवाज होई. फिल्म मिनिटाला नव्वद फूट, म्हणजे सेकंदाला सुमारे ४५.७ सेंटिमीटर पळत असे. परंतु या पट्टीवर धूळ बसली, ओरखडा पडला, तर तोही आवाज म्हणूनच ऐकू येई. ही खरखर झाकण्यासाठी अमेरिकेतील अकॅडमीने १९३८ च्या सुमारास चित्रपटगृहांसाठी असे प्रमाण ठरविले की, ध्वनीची उंच टोके वाजवितानाच बोथट करावीत. जुन्या चित्रपटांचा आवाज दबका वाटतो त्याचे एक कारण हे. तरीही चित्रपटगृहात बोलणे समजत असे. कारण कर्णा मोठा, जागा शांत, आणि ध्वनी मुद्रित करणाऱ्याने या बोथटपणाचा हिशोब आधीच धरलेला असे.

आता हा चित्रपट घरात कसा शिरला ते पाहू. १९७६ साली जपानात व्हीएचएस पद्धतीची कॅसेट निघाली. आपल्याकडे १९८२ च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला आणि त्याच्या मागोमाग व्हीसीआर पसरले. गल्लीबोळांत कॅसेट भाड्याने देणारी दुकाने निघाली, व्हिडिओ पार्लरे निघाली. हा धंदा इतका वाढला की १९८४ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून ‘व्हिडिओ फिल्म’ हा शब्द त्यात घालावा लागला, आणि कॅसेटवर निर्मात्याचे नाव-पत्ता व हक्कदाराच्या परवानगीची नोंद असणे बंधनकारक झाले. आमच्या पट्ट्यात त्या वेळी मराठवाडा, खानदेश, विदर्भ, कोकण आणि देशावरून आलेली तरुण माणसे एकेका खोलीत पाचसहा मिळून राहत. त्यांना थिएटर परवडत नसे असे नाही. पण तिसरी पाळी करणाऱ्याला थिएटरचे वेळापत्रक सोयीचे नव्हते. कॅसेट मात्र पाळीला जुळवून घेई. गावाकडची बोली, तमाशाचा ढंग, कीर्तनाचा सूर त्या खोलीत कॅसेटने आणला. हे तिचे उपकार विसरून चालणार नाही.

परंतु व्हीएचएसवरचा साधा आवाज टेपच्या अगदी काठावरच्या एका बारीक पट्टीत असे. आपल्याकडच्या पाल पद्धतीत ती टेप सेकंदाला अवघी २.३४ सेंटिमीटर सरकत असे. गाण्याची साधी कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. म्हणजे तिच्या वेगाच्या निम्म्याहून किंचित कमी! टेपचा काठच आधी चुरगळतो, आणि काठावरच आवाज. असे असले तरी नव्या कॅसेटवर आणि स्वच्छ हेडवर बोलणे समजण्याइतकी जागा तेवढ्या पट्टीतही होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. घात केला तो नकलेच्या नकलेने. एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी प्रत निघाली म्हणजे दर पिढीला फुसफुस वाढत जाई आणि शब्दाची धार कमी होत जाई. चित्र धूसर झाले तर गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडे. आवाज धूसर झाला तर टीव्हीचे बटण फिरवून मोठा करी. आवाज मोठा केल्याने तो स्पष्ट होत नाही, ही गोष्ट तेव्हा आमच्याही ध्यानात आली नव्हती.

१९९३ साली व्हिडिओ सीडीचे प्रमाण ठरले, आणि काही वर्षांतच पिंपरी कॅम्पाच्या बाजारापासून चाकणच्या आठवडी बाजारापर्यंत चकचकीत तबकड्या दिसू लागल्या. एका तबकडीवर सुमारे ७४ मिनिटे मावत. म्हणून चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांत येई, आणि नेमका रंगात आला असता उठून तबकडी बदलावी लागे. आता येथे आमच्या मुद्द्याचा कणा आहे. या तबकडीवर आवाजासाठी सेकंदाला २२४ किलोबिट राखलेले असतात. जुन्या मराठी चित्रपटाचा एकपदरी आवाज नीट उतरविण्यास ही जागा पुरेशी आहे. तबकडीवर धूळ आवाज करीत नाही, काठ चुरगळत नाही, आणि नकलेची पिढीही वाढत नाही. मग जुन्या चित्रपटांच्या इतक्या तबकड्यांवर शब्द गिळल्यासारखे का येत? कारण तबकडी नवी होती, पण तिच्यावर चढविलेला माल जुना होता. कित्येकदा गावोगावच्या प्रोजेक्टरांवर झिजलेली प्रतच समोर धरून तिचे चित्र व आवाज उतरविले जात. मूळ ध्वनीची निगेटिव्ह शोधण्याचा खटाटोप कोण करणार? कोठे कोठे तर जुनी व्हिडिओ टेपच तबकडीवर ओतलेली असे. यंत्राने दोष पुसला नाही. उलट तो अक्षय केला.

आणखी दोन प्रकार सांगण्यासारखे आहेत. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो आणि पाल पद्धतीचा टीव्ही सेकंदाला २५ चित्रे दाखवितो. हा मेळ बसविण्यासाठी पुष्कळदा चित्रपटच किंचित वेगाने चालवितात. तसे केले म्हणजे दीडशे मिनिटांचा चित्रपट एकशेचव्वेचाळीस मिनिटांत संपतो आणि माणसांचा व गाण्याचा सूर अर्ध्या स्वरापेक्षा थोडा कमी, पण कानाला जाणवण्याइतका चढतो. एखाद्याने लहानपणी थिएटरात ऐकलेला अभंग घरी ऐकला आणि तो ‘वेगळा लागला’, तर त्याच्या स्मरणशक्तीला बोल लावू नये. दुसरा प्रकार सफाईचा. खरखर काढण्यासाठी आवाज गाळून घेतात. गाळणी हलक्या हाताने वापरली तर फायदा होतो. हात जड पडला तर खरखरीबरोबर व्यंजनेही गळून जातात.

व्यंजने गळणे म्हणजे काय, हे मराठी माणसास समजावून सांगणे सोपे आहे. आपल्या भाषेत चार मधला च वेगळा आणि चाक मधला च वेगळा. ‘जरा थांब’ मधला जरा निराळा, आणि म्हातारपणाला जरा म्हणतात ती निराळी. लिहिताना अक्षर एकच, ओळखावयाचे ते कानाने. हा भेद, तसाच स आणि श यांमधला भेद, बव्हंशी ध्वनीच्या उंच भागात असतो. स्वर खालच्या भागात असतात. त्यांच्यामुळे कोणी बोलत आहे एवढे कळते. काय बोलत आहे ते व्यंजने सांगतात. दादा कोंडके यांच्या संवादांत तर सारी गंमत एका अक्षराच्या कोलांटीवर उभी असते. ते अक्षर निसटले की विनोद संपला, आणि प्रेक्षकाजवळ केवळ इतरांचे हसणे उरते.

आता त्या दुसऱ्या दोषाकडे, म्हणजे कानाकडे येऊ. इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी याने कामकऱ्यांच्या रोगांवरचा आपला ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध केला. त्यात तांब्याची भांडी ठोकणाऱ्या कारागिरांना बहिरेपण येते असे नमूद आहे. पुण्याच्या तांबट आळीला हे वाचून नवल वाटणार नाही. तेथील हातोड्याची जागा आमच्या पट्ट्यात पॉवर प्रेसने घेतली, इतकाच फरक. सततच्या मोठ्या आवाजाने अंतःकर्णातील सूक्ष्म केसपेशी मरतात, आणि मेलेल्या पुन्हा उगवत नाहीत. ही हानी बहुधा प्रथम सेकंदाला सुमारे ४,००० कंपनांच्या आसपास सुरू होते. अर्थात व्यंजने जेथे राहतात, नेमकी तीच आळी आधी ओस पडते! म्हणून असा माणूस बहिरा दिसत नाही. हाक मारली तर वळतो, हॉर्न वाजला तर बाजूला होतो. त्याला आवाज ऐकू येतो. शब्द कळत नाही. घरचे म्हणतात, ‘यांचे लक्ष नसते.’

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. कारखाने अधिनियम १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीतील रोगांच्या यादीत आवाजामुळे येणाऱ्या बहिरेपणाचा समावेश होता. आठ तासांच्या पाळीस नव्वद डेसिबल ही मर्यादा आहे. पुढे दर पाच डेसिबलला वेळ निम्मा करावयाचा. पंच्याण्णवला चार तास, शंभरला दोन तास. कागदावर हे सारे आहे. आमच्या अनुभवात मात्र कानाच्या तपासणीचा अहवाल कामगाराच्या हाती क्वचितच पडला, आणि कानात घालावयाच्या बोळ्यांकडे आम्ही स्वतः तरुणपणी दुर्लक्ष केले. मर्दाला कशाला हवा बोळा, असे म्हणत होतो. हा दोष मालकांवर ढकलून आम्हांस मोकळे होता येणार नाही.

तेव्हा त्या गणपतीच्या रात्री काय घडले ते आता उलगडते. कॅसेटने शब्दाची धार बोथट केली होती, प्रेसने कानाची. आम्हां तरुणांचे कान शाबूत होते. म्हणून अर्धा शब्द ऐकून उरलेला आम्ही मनाने भरून काढीत होतो. बाबांना तो आधार नव्हता. स्वस्त प्रत ज्याच्यासाठी निघाली, तिच्यातील दोष त्यालाच सर्वांत जास्त भोवला. ज्याच्या घरी भारी यंत्र आणि धड कान, त्याला वाईट प्रतही चालून गेली.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९९६ साली डीव्हीडी बाजारात आली. २००७ साली मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांस आणि डीव्हीडी ३४ रुपयांस विकावयास काढली. अधिकृत प्रत रस्त्यावरच्या चोरट्या प्रतीच्या भावात मिळू लागली, ही मोठीच गोष्ट झाली. चोरट्या प्रतींत थिएटरातील शिट्ट्या, खोकले आणि शेजाऱ्याच्या वेफरचा चुरचुराटही मिळत असे. त्यातून सुटका झाली. परंतु डीव्हीडीबरोबर ‘फाइव्ह पॉइंट वन’ची हौस आली. पाच कर्णे आणि घुमारा देणारा एक, अशा सहा वाटांनी आवाज देण्याची ही पद्धत. तीत बोलणे मुख्यतः मधल्या कर्ण्यातून येते. दहा बाय दहाच्या खोलीत मधला कर्णा कोठला? तेथे सहा वाटांचा आवाज टीव्हीच्या दोन कर्ण्यांत कोंबला जातो, आणि ती कोंबाकोंब नीट झाली नाही तर धडाका कानठळ्या बसवितो व संवाद पुटपुटल्यासारखे येतात. त्यातच चपटे टीव्ही आले. त्यांचे कर्णे बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसविलेले असतात. आता तर तबकड्याही मागे पडल्या आणि चित्रपट मोबाइलवर आला. यंत्रे पाच वेळा बदलली. दर वेळी आवाजाला पूर्वीहून अधिक जागा मिळाली, आणि दर वेळी त्या जागेत काय भरावयाचे याची काळजी मात्र शेवटी राहिली. चित्राच्या रंगासाठी खर्च झाला, वेष्टणासाठी झाला. आवाज खर्चाच्या यादीत तळाशी.

मूळ माल जपण्याचे महत्त्वही याच कथेत आहे. प्रभात १९५३ साली बंद पडली; तिच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, आणि १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. आमच्या पिंपरीपासून हे सारे लोकलच्या अंतरावर. ८ जानेवारी २००३ रोजी तेथील नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि जुन्या काळचा मौल्यवान ठेवा जळाला. त्यात प्रभातचेही साहित्य होते. मूळ फिल्म गेली म्हणजे पुढच्या प्रत्येक प्रतीला उतरता माल घ्यावा लागतो. २०२२ साली सुमारे २,२०० चित्रपटांचे पुनरुज्जीवन करण्याची घोषणा केंद्र सरकारने पुण्यात केली, ही समाधानाची गोष्ट आहे. आमचे एवढेच मागणे की, त्या कामात चौकटीवरचे डाग पुसणाऱ्याइतकाच मान ध्वनीची पट्टी स्वच्छ करणाऱ्यास मिळावा, आणि काम पुरे झाल्यावर ते एखाद्या साध्या टीव्हीवर, पंखा चालू असलेल्या खोलीत, एकदा ऐकून पाहावे. परीक्षा तेथे आहे.

दुसरे मागणे अक्षरांचे. आज मराठी चित्रपटाखाली इंग्रजी अक्षरे पुष्कळदा मिळतात, मराठी अक्षरे क्वचित. अशी समजूत दिसते की मराठी ज्याला येते त्याला मराठी ऐकू येतेच. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने श्रवणदोष व दृष्टिदोष असलेल्या प्रेक्षकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या चित्रपटगृहांतील प्रदर्शनाविषयी आहेत. निवृत्त कामगार चित्रपट पाहतो तो घरी. त्याच्या पडद्याखाली त्याच्याच भाषेत दोन ओळी उमटल्या, तर शंभर रुपयांचा कर्णा जे करू शकत नाही ते काम त्या ओळी करतील. आमच्या पट्ट्यात परप्रांतांतून आलेल्या मुलांनाही त्या ओळींनी मराठी वाचावयास शिकविले, तर तो वरकड लाभ समजावा.

तिसरे मागणे आमच्याच लोकांकडे आहे. युनियनच्या मागणीपत्रात कानाची वार्षिक तपासणी आणि तिचा अहवाल कामगाराच्या हातात, हे कलम असलेच पाहिजे. गेली काही वर्षे आम्ही ते लिहितो, वाटाघाटीत ते पहिल्या तासातच बाजूला पडते, कारण आमची माणसेच म्हणतात, “ते राहू द्या, आधी आकड्याचे बोला.” आकड्याचे बोललेच पाहिजे. पण निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या आकड्यातून घेतलेल्या मोठ्या टीव्हीसमोर बसून माणसाला नातवाला विचारावे लागते, “काय म्हणाला रे?” तेव्हा त्या आकड्यातून काहीतरी वजा झालेले असते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आमचे ते सहकारी आता हयात नाहीत. त्यांच्या घरी शेवटच्या वर्षांत आम्ही गेलो असता ते ‘संत तुकाराम’ लावून बसले होते. संवाद त्यांना कळत नव्हते. मुलाने तसे सांगितले. पण अभंग लागला की त्यांचे ओठ हलत होते, कारण ते शब्द त्यांच्याजवळ चित्रपटाच्या आधीपासूनच होते. पाठ असलेले तेवढे त्यांना ऐकू आले. जे पाठ नव्हते, जे नवे होते, तेही ऐकण्याचा त्यांचा हक्क होता. तो हक्क पुढच्यांना तरी मिळावा, एवढ्यासाठी ही कथा आपल्यापुढे मांडली.